एका वर्गात अनेक पातळ्या : स्तरनिहाय गट कसे करावेत, कसे चालवावेत आणि कधी मोडावेत

कोणत्याही इयत्तेच्या वर्गात एकाच वयाची मुले बसलेली असली, तरी ती एकाच पातळीवर नसतात. पाचवीच्या वर्गात गोष्टीचे पुस्तक सलग वाचणारे मूल असते, तसेच जोडाक्षर आले की थांबणारे मूलही असते. शिक्षक मात्र दोघांना एकच धडा, एकाच वेगाने शिकवत असतात. अशा वेळी मुलांचे त्यांच्या पातळीनुसार गट करावेत, ही सूचना प्रशिक्षणात हमखास मिळते. ती चुकीची नाही, पण अर्धवट आहे. गट पाडणे हे या कामातील सर्वांत सोपे पाऊल आहे. गटात बसलेल्या मुलाला तिथे नेमके काय शिकवले जाते, शिक्षक त्याच्याजवळ किती वेळ बसतात आणि त्या गटातून बाहेर पडण्याची वाट त्याला कितपत मोकळी आहे, या तीन गोष्टींवर गटाचा उपयोग ठरतो. पुढील सर्व विवेचन याच तीन गोष्टींभोवती आहे.

आधी : गट कशासाठी आणि कशासाठी नाही

पातळीनुसार गट करण्याविषयी शिक्षणक्षेत्रात जुना वाद आहे आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकी संशोधकाने १९८७ मध्ये प्राथमिक शाळांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ‘हुशार मुलांची तुकडी’ आणि ‘मागे पडलेल्या मुलांची तुकडी’ अशी संपूर्ण वर्गांची कायमची विभागणी केल्याने लाभ झाल्याचे त्यांना आढळले नाही. मात्र एकाच वर्गात गणितासाठी तात्पुरते गट करणे, किंवा केवळ वाचनाच्या तासापुरती वेगवेगळ्या इयत्तांतील मुले त्यांच्या वाचन-पातळीनुसार एकत्र आणणे, या पद्धतींचे परिणाम चांगले दिसले. दुसऱ्या प्रकाराला, जिथे तो १९५० च्या दशकात राबवला गेला त्या अमेरिकेतील गावाच्या नावावरून, ‘जॉप्लिन योजना’ म्हणतात.

याउलट केनियामध्ये एस्थर डुफ्लो, पास्कलीन दुपा आणि मायकेल क्रेमर यांनी १२१ प्राथमिक शाळांत केलेल्या प्रयोगात, पहिलीच्या मुलांच्या सुरुवातीच्या गुणांनुसार दोन तुकड्या केल्यावर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तुकड्यांतील मुलांची प्रगती, सरमिसळ तुकड्यांच्या तुलनेत अधिक झाली. वरवर पाहता हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, परंतु केनियातील अभ्यासकांनी दिलेले एक स्पष्टीकरण लक्षात घेण्यासारखे आहे. एकसारख्या पातळीची मुले समोर असल्यामुळे शिक्षकांना अध्यापन त्या पातळीशी जुळवून घेता आले. भारतात ‘प्रथम’ या संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीतही हेच घडते. तिसरी ते पाचवीच्या मुलांची इयत्ता दिवसातील ठरावीक वेळेपुरती बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पातळीनुसार ती एकत्र बसवली जातात, आणि त्या पातळीला साजेसे साहित्य व कृती त्यांना दिल्या जातात. तेव्हा मुलांची जागा बदलली आणि शिकवणे तेच राहिले, तर हाती काहीच लागत नाही.

या सगळ्यातून वर्गासाठी निघणारे नियम साधे आहेत. गट एखाद्या विशिष्ट कौशल्यापुरता असावा, दिवसातील थोड्या वेळेपुरता असावा आणि काही आठवड्यांपुरता असावा. वाचन आणि गणितातील मूलभूत क्रिया यांसारख्या, एका पायरीवर दुसरी उभी राहणाऱ्या कौशल्यांसाठी स्तरनिहाय गट योग्य ठरतात. परिसर अभ्यास, इतिहास, कला, प्रकल्प, चर्चा या कामांसाठी ते अनावश्यक आहेत, किंबहुना तिथे त्यांचा तोटाच अधिक.

पहिली पायरी : मूल नेमके कुठे अडते ते शोधणे

गेल्या परीक्षेतील गुणांवरून गट करण्याचा मोह टाळावा. गुण फक्त किती चुकले ते सांगतात, काय चुकले ते सांगत नाहीत. ४०३ मधून १६७ वजा करा, हे एकच उदाहरण घेऊ. बरोबर उत्तर २३६ आहे. आता तीन मुलांची तीन चुकीची उत्तरे पाहा.

पहिल्याने ३६४ लिहिले. त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ७ मधून ३, ६ मधून ० आणि ४ मधून १. वरची संख्या कोणती, खालची कोणती, याचा त्याच्या कृतीशी संबंधच उरलेला नाही. या मुलाला हातच्याची रीत पुन्हा फळ्यावर दाखवून उपयोग नाही. त्याला दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन, गठ्ठा सोडल्याशिवाय तीनातून सात काढता येत नाहीत हे स्वतः अनुभवू देणे आवश्यक आहे.

दुसऱ्याने २४६ लिहिले. त्याने शतकातून एक घेऊन दशकस्थानी १० केले, एककासाठी त्यातील एक दशक दिलाही, पण दशकस्थानी ९ उरले याची नोंद घेतली नाही. तिसऱ्याने ३३६ लिहिले. त्याने दशकस्थानी ९ बरोबर धरले, मात्र शतकस्थानचे ४ कमी करून ३ करायचे विसरला. या दोघांना वजाबाकी समजली आहे; मध्ये शून्य आल्यावर हातचा दोन घरे ओलांडून येतो, तेवढ्यापुरती त्यांची पकड सैल आहे. बहुधा दोन तासिकांचे नेमके काम त्यांना पुरेल.

उत्तरपत्रिकेत तिघांनाही शून्य गुण मिळतील, आणि गुणांवरून गट केले तर तिघेही एकाच गटात बसतील. म्हणून चाचणी लहान ठेवावी, पण उत्तरे वाचावीत. गणितासाठी आठ ते दहा उदाहरणे पुरेशी असतात. ती चढत्या क्रमाने निवडावीत: बिनहातच्याची, एका हातच्याची, दोन हातच्यांची, मध्ये शून्य असलेली आणि शेवटी एक शाब्दिक उदाहरण. मुलांना खोडरबर वापरू देऊ नये, चुकलेले फक्त आडवी रेघ मारून खोडायला सांगावे; खोडलेल्या आकड्यांतून मुलाचा विचार दिसतो.

वाचनाची चाचणी मात्र लेखी होऊ शकत नाही. प्रत्येक मुलाला जवळ बसवून मोठ्याने वाचायला लावावे लागते, आणि त्यासाठी एका मुलामागे तीन-चार मिनिटे लागतात. बाकीचा वर्ग चित्र काढणे किंवा शुद्धलेखन अशा शांत कामात असताना रोज सात-आठ मुले तपासली, तर आठवडाभरात मध्यम आकाराचा वर्ग होतो. आठ-दहा ओळींचा अपरिचित उतारा घ्यावा. पाठ्यपुस्तकातील उतारा घेतल्यास पाठांतर वाचनाचा वेश घेऊन समोर येते. मूल कुठे अडखळते ते आपल्या प्रतीवर खूण करून ठेवावे. काना-मात्रा-वेलांटीत, जोडाक्षरात, की लांब शब्दात? नंतर दोन प्रश्न विचारावेत. एकाचे उत्तर उताऱ्यात थेट असावे, दुसऱ्याचे उत्तर विचार करून काढावे लागावे. घडाघड वाचून एकाही प्रश्नाचे उत्तर न देणारे मूल आणि अडखळत वाचून दोन्ही उत्तरे देणारे मूल, यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या आहेत. पहिले मूल वर्गात सहसा ‘चांगले वाचणारे’ म्हणून ओळखले जाते, आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

दुसरी पायरी : गट करणे

एका शिक्षकाला एका वेळी तीनपेक्षा अधिक गट नीट सांभाळता येत नाहीत. पाच-सहा गटांचे आराखडे कागदावर सुबक दिसतात, पण प्रत्यक्षात शिक्षकांचा वेळ साहित्य वाटण्यात आणि गोंगाट आवरण्यात जातो. पट साठाच्या घरात असेल, तर दोनच गट करावेत: एक शिक्षकाजवळ, दुसरा स्वतंत्र कामात.

सर्व गटांतील मुलांची संख्या सारखी असण्याची गरज नाही. मागे असलेला गट लहान ठेवावा, कारण तिथे प्रत्येक मुलाकडे पाहावे लागते. ४५ मुलांच्या वर्गात १२, २० आणि १३ अशी विभागणी व्यवहार्य ठरते. सीमेवरच्या मुलाला कोणत्या गटात घालावे, असा प्रश्न पडला की त्याला वरच्या गटात ठेवून आठवडाभर लक्ष द्यावे. खालून वर जाणारे मूल वाट पाहत राहते, वर घेतलेले मूल मात्र बहुधा धडपडून तिथे टिकते.

वाचनाचा गट आणि गणिताचा गट एकच ठेवू नये. गणितात पुढे असलेले मूल वाचनात मध्यावर असू शकते. दोन्ही विषयांसाठी तेच गट राहिले, की गट कौशल्याचा न राहता मुलाचा होतो आणि तिथून शिक्का बसायला वेळ लागत नाही.

शिक्क्याचा प्रश्न गटांना फुलांची किंवा नद्यांची नावे देऊन सुटत नाही. कोणत्या गटाला सोपे काम मिळते हे मुलांना दोन दिवसांत कळते, मग गटाचे नाव काहीही असो. शिक्का पुसला जातो तो मुलांची ये-जा दिसल्यामुळे. तरीही ‘हुशार’, ‘कच्चा’, ‘ढ’ हे शब्द वर्गात, शिक्षक-कक्षात आणि पालकसभेतही वर्ज्य असावेत. ‘हा गट सध्या हातच्याच्या वजाबाकीवर काम करतो आहे’ असे कामाचे नाव सांगावे. ते खरेही असते आणि मुलाला पुढची दिशाही देते.

अपेक्षांचा परिणाम किती खोल असतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ‘ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी कोणत्याही आधाराविना निवडलेली होती. तरीही पहिली-दुसरीतील अशा मुलांची वाढ इतरांपेक्षा अधिक नोंदली गेली. या अभ्यासाच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि परिणामाचे प्रमाण वादग्रस्त राहिले. पण त्यातून घ्यायची सावधगिरी व्यावहारिक आहे. मागच्या गटातील मुलांना आपण कमी प्रश्न विचारतो का, उत्तरासाठी कमी वेळ देतो का, हे शिक्षकाने स्वतःच मोजून पाहावे. मेरी बड रो यांच्या संशोधनानुसार प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तरी उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक होतात. मनातल्या मनात तीन आकडे मोजणे, यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही.

तिसरी पायरी : चाळीस मिनिटांची तासिका बसवणे

पहिली आठ मिनिटे संपूर्ण वर्गासाठी ठेवावीत. या वेळात सर्वांना भाग घेता येईल असा एखादा प्रश्न, कोडे किंवा तोंडी उजळणी घ्यावी. त्यानंतर बारा-बारा मिनिटांच्या दोन फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीत शिक्षक एका गटाजवळ बसतील आणि उरलेले दोन गट स्वतंत्र काम करतील. शेवटची आठ मिनिटे पुन्हा सर्व वर्ग एकत्र, काय केले ते एकमेकांना दाखवण्यासाठी.

आठवड्यात अशा पाच तासिका मिळाल्या, तर शिक्षकाला गटाजवळ बसण्याच्या दहा फेऱ्या मिळतात. त्यांतील पाच फेऱ्या, म्हणजे रोज एक, मागे असलेल्या गटाला द्याव्यात, तीन मधल्या गटाला आणि दोन पुढच्या गटाला. वेळ सारखा वाटणे न्याय्य वाटते, पण ज्यांना स्वतंत्रपणे काम करता येत नाही त्यांना स्वतंत्र काम देऊन बसवणे म्हणजे तो वेळ वाया घालवणेच होय. त्याच वेळी पुढच्या गटाच्या दोन फेऱ्यांवर गदा येऊ देऊ नये. ‘त्यांचे ते करतात’ असे म्हणत हा गट महिनोन् महिने शिक्षकाविना राहतो.

शिक्षक एका गटाजवळ असताना दुसऱ्या गटातील मुले सतत उठून येणे, ही या पद्धतीतील खरी अडचण आहे, आणि अनेक शिक्षक याच कारणाने ती सोडून देतात. यावर उपाय आधीच करावा लागतो. पहिला आठवडा केवळ रीत बसवण्यासाठी राखावा. या आठवड्यात सर्व गटांना सोपे आणि एकच काम द्यावे, आणि अडल्यावर काय करायचे तेवढेच शिकवावे: आधी सूचना पुन्हा वाचायची, मग भिंतीवरचा तक्ता किंवा वहीतले सोडवलेले उदाहरण पाहायचे, मग शेजाऱ्याला विचारायचे, आणि तरीही अडले तर त्या उदाहरणापुढे गोल करून पुढचे सोडवायला घ्यायचे. शिक्षकांकडे यायचे नाही, ते फेरी संपल्यावर स्वतः येतील आणि गोल केलेली उदाहरणे पाहतील. हे शेवटचे आश्वासन प्रत्येक वेळी पाळले गेले पाहिजे. ते दोनदा मोडले, की मुले पुन्हा उठून येऊ लागतात.

स्वतंत्र काम नवे नसावे. शिकून झालेल्या गोष्टीचा सराव असावा. आणि काम लवकर संपवणाऱ्यासाठी पुढे काय, हे फळ्यावर आधीच लिहिलेले असावे.

चौथी पायरी : गटात बसल्यावर आधार कसा द्यावा

या पायरीवर गटांचे यशापयश ठरते, म्हणून येथे थोडे थांबू. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने, मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधील अंतराला शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे मानले. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी अशा मदतीसाठी बांधकामावरील परांचीचे, म्हणजे बांबूंच्या तात्पुरत्या सांगाड्याचे, रूपक वापरले. त्यातील ‘तात्पुरता’ हाच भाग वर्गात बहुतेक वेळा राहून जातो. आधार दिला जातो, काढला जात नाही.

मदत कमीत कमी हवी तेवढीच द्यावी आणि ती एकेका टप्प्याने वाढवावी. मूल थांबले, तर प्रथम फक्त थांबावे. नंतर ‘इथे काय दिले आहे, ते मला वाचून दाखव’ म्हणावे. यातच अनेकदा मूल स्वतःची चूक पकडते. तरी पुढे जात नसेल, तर नेमक्या जागी बोट ठेवून प्रश्न विचारावा: ‘तीनातून सात जातात का? मग कोणाकडे मागायचे?’ त्यानेही भागले नाही, तर वेगळे पण तशाच प्रकारचे उदाहरण आपण सोडवून दाखवावे आणि मूळ उदाहरण मुलाकडे परत द्यावे. मुलाच्या वहीत आपल्या पेनाने उत्तर लिहिणे हा शेवटचा टप्पाही नव्हे. ते टाळावेच.

आधार काढून घेण्याची एक सोपी रीत लेखी सरावात वापरता येते. पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले द्यावे आणि मुलाला प्रत्येक पायरीचे कारण तोंडी सांगायला लावावे. दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी ठेवावी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि चौथे उदाहरण संपूर्ण कोरे द्यावे. मूल तिसऱ्यावर अडले, तर चौथ्याकडे न जाता दुसऱ्यासारखे आणखी एक द्यावे. यासाठी छापील वर्कशीटची गरज नाही, फळ्याचा एक कोपरा पुरतो.

वाचनात हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. जोडाक्षरांवर अडणाऱ्या मुलांना जोडाक्षरांची यादी पाठ करायला लावू नये. एखाद्या छोट्या उताऱ्यातील ‘पुस्तक’, ‘रस्ता’, ‘मस्त’ असे एकाच जोडणीचे शब्द आधी तोडून दाखवावेत, मग एकत्र वाचावेत, आणि लगेच तो उतारा शिक्षकांनी एकदा, सर्वांनी मिळून एकदा आणि प्रत्येकाने एकदा वाचावा. दुसऱ्या दिवशी तीच जोडणी नव्या शब्दांत यावी, आणि तिच्या शेजारी तिच्याशी मिळतीजुळती वेगळी जोडणीही: ‘वस्तू’, ‘नाश्ता’ असे दोन शब्द ठेवून त्यांतला फरक मुलांनाच शोधू द्यावा. घडाघड वाचूनही अर्थ न कळणाऱ्या मुलांसाठी मात्र उच्चारावरचे हे काम निरर्थक आहे. त्यांना परिच्छेदागणिक थांबवून ‘आत्ता काय घडले, ते तुझ्या शब्दांत सांग’ आणि ‘पुढे काय होईल असे वाटते, कशावरून?’ हे दोन प्रश्न नियमित विचारावेत.

पुढच्या गटासाठी आधार म्हणजे तीच जास्तीची दहा उदाहरणे नव्हेत. लवकर काम संपवण्याची शिक्षा म्हणून अधिक काम मिळते, हे कळल्यावर मुले सावकाश काम करू लागतात. त्यांना खोली द्यावी, संख्या नको. ‘उत्तर २३६ येईल अशी, मध्ये शून्य असलेली तीन वेगवेगळी वजाबाकीची उदाहरणे तयार कर’, ‘एका मुलाचे उत्तर ३६४ आले आहे, तर त्याने काय केले असेल?’, ‘हीच वजाबाकी हातचा न घेता करण्याची दुसरी रीत शोध’ अशी कामे त्याच घटकात राहून विचार ताणतात. शेवटच्या कामात काही मुले दोन्ही संख्यांत ३३ मिळवून ४३६ मधून २०० वजा करतात, किंवा १६७ पासून वर मोजत ४०३ पर्यंत जातात. अशा रीती शेवटच्या आठ मिनिटांत सर्व वर्गासमोर याव्यात.

पुढच्या गटातील मुलांना मागच्या गटाचे कायमचे मदतनीस करू नये. अधूनमधून जोडीने शिकणे दोघांनाही उपकारक असते, परंतु मदत करणाऱ्याला आधी ‘उत्तर सांगायचे नाही, प्रश्न विचारायचा’ एवढे शिकवावे लागते. आणि त्या मुलाचाही शाळेत स्वतः शिकण्याचा हक्क आहे, याचा विसर पडू नये.

पाचवी पायरी : उरलेला दिवस सरमिसळ गटांचा

स्तरनिहाय गट दिवसातील एक-दोन तासिकांपुरते ठेवल्यास उरलेल्या वेळात मुलांची सरमिसळ जाणीवपूर्वक करता येते. नुसते चार जणांना एकत्र बसवले, की एक लिहितो, एक सांगतो आणि दोघे पाहतात. हे टाळण्यासाठी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात एलियट ॲरनसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वापरात आणलेली ‘जिगसॉ’ पद्धत उपयोगी पडते. एका विषयाचे चार भाग करून गटातील प्रत्येकाला एक भाग दिला जातो. एकाच भागावर काम करणारी सर्व गटांतील मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात, आणि मग आपापल्या मूळ गटात परतून इतरांना शिकवतात. प्रत्येकाजवळ इतरांकडे नसलेली माहिती असल्यामुळे कोणालाही वगळून गटाचे काम पूर्ण होत नाही. वाचनात मागे असलेल्या मुलाला लहान किंवा चित्रासह असलेला भाग द्यावा, मात्र तो बिनमहत्त्वाचा नसावा.

सहावी पायरी : नोंदी ठेवणे आणि गट मोडणे

नोंदवही एका पानाची असावी. डावीकडे नावे, वर कौशल्ये, आणि प्रत्येक चौकटीत ते कौशल्य आल्याची तारीख. रोज सर्वांची नोंद करण्याचा संकल्प टिकत नाही. ज्या गटाजवळ बसलो, त्यातील दोन-तीन मुलांची नोंद फेरी संपताच करावी, तेवढे पुरते.

गटाबाहेर पडण्याचा निकष आधीच ठरवावा आणि मुलांनाही सांगावा. उदाहरणार्थ, हातच्याच्या पाच वजाबाक्यांपैकी चार बरोबर, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशीचे यश पुरेसे नसते, कारण नुकतेच शिकलेले त्याच दिवशी सर्वांनाच येते. निकष पूर्ण झाला, की मूल महिना संपण्याची वाट न पाहता पुढच्या गटात जावे. याशिवाय चार ते सहा आठवड्यांनी सर्वांची छोटी चाचणी घेऊन गट नव्याने करावेत. नवा घटक सुरू झाला तरीही गट नव्याने व्हावेत. वजाबाकीत मागे असलेले मूल भूमितीत पुढे असू शकते.

दोन वेळा गट बदलूनही एखादे मूल जागचे हलले नाही, तर आणखी सराव देण्यापूर्वी कारण शोधावे. हजेरी तुटक आहे का? फळ्यावरचे दिसते का, मागच्या बाकावर ऐकू येते का? घरची भाषा वेगळी असल्यामुळे सूचनाच समजत नाहीत का? दिलेले काम खरोखर त्याच्या पातळीचे आहे का, की त्याच्याही दोन पायऱ्या खाली जावे लागेल? या सर्वांची उत्तरे समाधानकारक असूनही अडचण कायम राहिली, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अध्ययन-अक्षमतेचे निदान शिक्षकाने स्वतः करू नये आणि तसा शब्द वर्गात उच्चारूही नये. शिक्षकाजवळ असलेल्या तारीखवार नोंदी आणि मुलाच्या वह्यांचे नमुने तज्ज्ञांना सर्वांत उपयोगी पडतात.

दोन प्रश्न जे हमखास येतात

पालक विचारतात, ‘बाई, आमच्या मुलाला खालच्या गटात का टाकले?’ येथे गटाचे समर्थन करत बसू नये. मुलाची वही उघडून दाखवावी: ‘त्याला साधी वजाबाकी येते, हे पाहा. हातचा घ्यावा लागला की इथे अडतो. पुढचे तीन आठवडे मी रोज बारा मिनिटे त्याच्याजवळ बसून हेच घेणार आहे, आणि ते आले की तो पुढे जाईल.’ घरी काय करावे, हेही एका वाक्यात सांगावे, जसे की रोज दोनच उदाहरणे, पण मोठ्याने बोलत सोडवायची. बहुतेक पालकांचा आक्षेप गटाला नसतो, आपले मूल तिथेच राहील या भीतीपोटी असतो.

दुसरा प्रश्न सहकाऱ्यांचा किंवा मुख्याध्यापकांचा असतो: अशाने अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? गटकार्यासाठी वेळ काढावा लागतो, हे खरे आहे. तो वेळ संपूर्ण वर्गाला फळ्यावरून उदाहरणे उतरवून देण्यात, एकसारख्या गृहपाठाच्या तपासणीत आणि ज्यांना आधीच येते त्यांना पुन्हा तेच शिकवण्यात जाणाऱ्या वेळातून निघतो. सर्व विषयांत एकदम सुरुवात न करता एका विषयातील आठवड्याच्या तीन तासिकांपासून सुरुवात केली, तर पाठ टाचणात फार उलथापालथ होत नाही आणि सहा आठवड्यांच्या नोंदी हाती आल्यावर मुख्याध्यापकांशी बोलणेही सोपे जाते.

वर्षाच्या शेवटी पुढच्या शिक्षकांकडे वर्ग सोपवताना नोंदवहीचे ते एक पान सोबत द्यावे, गटांची यादी देऊ नये. कोणते मूल कोणत्या गटात होते हे कळल्याने नव्या शिक्षकांच्या हाती आयते मत पडते. कोणाला कोणते कौशल्य कोणत्या तारखेला आले हे कळले, तर नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कुठून सुरुवात करायची ते त्यांना ठरवता येते. सुट्टीत काही कौशल्ये मागे पडलेली असतात, त्यामुळे त्यांनी ती छोटी चाचणी पुन्हा घ्यावी आणि आपले गट नव्याने करावेत.